पायांत स्की घालून कोणी जन्माला येत नाही

नॉर्वे देशात एक म्हण आहे. तिथला माणूस म्हणे पायांत स्की घालूनच जन्माला येतो. म्हण ऐकायला गोड आहे, पण खरी नाही. कोणत्याही आईच्या पोटातून मूल पायाला फळ्या बांधून बाहेर येत नाही. त्या देशातले मूलही आपल्या मुलांसारखेच आधी रांगते, मग भिंतीला धरून उभे राहते, मग पडते आणि मग चालते. बर्फावर सरकत जाण्याची जी विद्या ते पुढे मिळवते, ती त्याला कोणीतरी शिकवलेली असते. त्यासाठी लागणारी वाट, साधने आणि वेळ ही कोणीतरी त्याच्यासाठी करून ठेवलेली असतात. हे ‘कोणीतरी’ कोण, आणि ही विद्या शिकतात कशी, हे आम्ही आज वाचकांपुढे मांडणार आहोत.

कोणी विचारील, आपल्या घरांना बर्फाशी काय देणेघेणे? आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याची गाडी, नाहीतर मासळीबाजारातली लादी. प्रश्न रास्त आहे. पण हिवाळी ऑलिम्पिकच्या शर्यती आता घरोघर पडद्यावर दिसतात. आपल्या शेजारपाजारची मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी थंड मुलखांत जातात. फौजेत भरती झालेला एखाद्याचा मुलगा लडाख-काश्मीरच्या बर्फात उभा असतो. आणि समजा यातले काहीच नसले, तरी अवघड दिसणारी गोष्ट पायरीपायरीने कशी साध्य होते याचा हा खेळ म्हणजे उत्तम धडा आहे. तेव्हा वाचक बंधू-भगिनींनी कंटाळा न करता पुढे वाचावे.

टाच मोकळी ठेवणारा खेळ

स्कीइंग म्हटले की उंच डोंगरावरून वाऱ्याच्या वेगाने खाली येणारे खेळाडू डोळ्यांपुढे येतात. तो प्रकार निराळा. त्यात बुटाचा पंजा आणि टाच दोन्ही फळीला जखडलेली असतात. वर जायला यांत्रिक पाळणे लागतात आणि त्यांचे तिकीट खिशाला जड जाते. आपण बोलतो आहोत ते क्रॉस-कंट्री स्कीइंगबद्दल. यात बूट फक्त पुढच्या टोकाशी अडकवलेला असतो, टाच मोकळी राहते. म्हणून या लांब, अरुंद फळ्यांवर माणूस चालू शकतो, चढ चढू शकतो आणि उतारही उतरू शकतो. हातात दोन काठ्या असतात. इंजिन एकच, आपले स्वतःचे हातपाय.

हा मुळात खेळ नव्हता, कष्टकऱ्यांची रहदारी होती. स्कँडिनेव्हिया आणि रशियातील दलदलीच्या जमिनीत हजारो वर्षांपूर्वीच्या लाकडी स्की सापडल्या आहेत. हिवाळ्यात जिथे गाडीवाट बंद पडे, तिथे शिकारी, लाकूडतोडे आणि टपालवाले याच फळ्यांवरून जात. नॉर्वेच्या टेलेमार्क भागात जन्मलेला जॉन थॉम्पसन लहानपणी घरच्यांबरोबर अमेरिकेला गेला. १८५६ पासून सुमारे २० वर्षे, हातात एकच लांब काठी घेऊन, हा माणूस सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून दर हिवाळ्यात लोकांचे टपाल पोहोचवत राहिला. कोणाचे औषध, कोणाचे पत्र पाठीवर बांधून. या सेवेचा मोबदला मिळावा म्हणून त्याने अमेरिकन सरकारकडे अर्ज केला, पण पैसे हाती न पडताच १८७६ साली तो वारला. स्कीइंगच्या इतिहासात राजेरजवाड्यांची नावे सापडतील, पण या विद्येला वाढवले ते असल्या माणसांनी.

दोन पद्धती आणि एक चाकोरी

क्रॉस-कंट्रीच्या आज दोन पद्धती आहेत. एक क्लासिक, दुसरी स्केटिंगची, जिला मुक्त पद्धत म्हणतात. क्लासिकमध्ये दोन्ही स्की एकमेकींना समांतर, समोरच्या दिशेने सरळ चालतात. त्यासाठी यंत्राने बर्फात दोन समांतर चाकोऱ्या पाडलेल्या असतात, बैलगाडीच्या चाकांनी मातीत पडतात तशाच. आपल्याकडे ‘चाकोरीतला माणूस’ म्हटले की त्यात थोडी हेटाळणी असते. इथे मात्र नवशिक्याला चाकोरीचाच आधार. ती फळ्यांना भरकटू देत नाही, म्हणून त्याचे सगळे लक्ष तोलाकडे राहते.

मुक्त पद्धतीत स्की तिरक्या टाकून, बाजूला रेटा देत पुढे जातात. १९७० च्या दशकात फिनलंडचा पाउली सीतोनेन एक स्की चाकोरीबाहेर काढून रेटा देऊ लागला. १९८२ साली अमेरिकेचा बिल कॉक याच युक्तीच्या बळावर जागतिक करंडकाचा मानकरी ठरला. ही चाल जास्त वेगवान, त्यामुळे जुनी चाल नाहीशीच होणार अशी भीती निर्माण झाली. बरीच भवति न भवति होऊन अखेर शर्यतीच वेगळ्या करण्यात आल्या. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच क्लासिकच्या शर्यती निराळ्या आणि मुक्त पद्धतीच्या निराळ्या झाल्या. शिकायचे असेल तर मात्र आजही आधी क्लासिकच शिकवतात, कारण ती आपल्या रोजच्या चालण्याला सर्वांत जवळची.

फळीच्या कमानीतले गुपित

आता मुख्य कोडे असे की, जी फळी बर्फावर सरकते ती चढावर मागे का घसरत नाही? पुढे जाण्यासाठी पायाला पकड हवी आणि पुढे गेल्यावर सरकायलाही मिळाले पाहिजे. एकाच फळीने दोन्ही कामे कशी करायची?

गुपित कमानीत आहे. क्लासिकची स्की जमिनीवर ठेवली तर ती मधोमध किंचित उचललेली दिसते, धनुष्यासारखी. माणूस दोन्ही पायांवर सारखे वजन टाकून उभा राहिला, तर मधला भाग बर्फाला जेमतेम टेकतो आणि पुढची-मागची टोके सरकतात. पण सगळे वजन एका पायावर टाकून खाली दाबले की कमान सपाट होते आणि मधला भाग बर्फाला चिकटतो. या मधल्या भागाला पकडीचे मेण लावलेले असते. दाबले की पकड, सोडले की सरक.

स्की आपल्या वजनाला योग्य आहे की नाही हे पाहण्याची साधी रीत आहे. सपाट फरशीवर दोन्ही स्कींवर उभे राहावे आणि दुसऱ्याने पावलाखाली कागद सरकवावा. कागद मोकळा पुढेमागे फिरला पाहिजे. मग सगळे वजन एका पायावर घ्यावे. त्या पायाखालचा कागद आता अडकला पाहिजे. दोन्ही वेळा अडकला तर फळी मऊ पडते, दोन्ही वेळा सुटला तर ती फार ताठ आहे. म्हणून केवळ उंची पाहून स्की घेऊ नयेत, वजन पाहून घ्याव्यात. काठ्यांचे माप सोपे आहे. उभे राहिल्यावर काठी काखेपासून खांद्यापर्यंत कुठेतरी यावी.

मेणाचे शास्त्र मोठे आहे, पण घरगुती बाब समजून घेण्यासारखी आहे. बर्फ जितका थंड आणि कोरडा, तितके मेण टणक. जितका उबदार आणि ओला, तितके मऊ. कांड्यांना रंग दिलेले असतात. साधारणपणे कडाक्याच्या थंडीला हिरवी, त्याहून कमी थंडीला निळी, शून्याच्या आसपास जांभळी, त्याच्यावर लाल. जाड थर एकदम फासायचा नाही. पातळ थर द्यायचा, बुचाच्या ठोकळ्याने घासायचा, पुन्हा पातळ थर द्यायचा. ज्यांना ही कटकट नको त्यांच्यासाठी मधल्या भागाला माशाच्या खवल्यांसारख्या खाचा असलेल्या किंवा लोकरीची बारीक पट्टी बसवलेल्या स्की मिळतात. नवशिक्याने याच घ्याव्यात. पूर्वी शर्यतीच्या स्कींना फ्लोरीनयुक्त मेण लावत. ते निसर्गात वर्षानुवर्षे कुजत नाही, पाण्यात-मातीत साठते आणि ते तापवून लावणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांनाही घातक. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून शर्यतींत त्यावर बंदी आणली. पदक एकाने जिंकायचे आणि धूर मेण लावणाऱ्याने गिळायचा, हा प्रकार त्यामुळे थांबला.

पहिला धडा : पडणे आणि उठणे

नॉर्वेत लहान मुलांना पहिल्या दिवशी काठ्या देतच नाहीत. काठी हातात आली की मूल तिच्यावर रेलते आणि तोल शिकत नाही. नुसत्या फळ्यांवर शिवाशिवी खेळवतात, बर्फाच्या लहान उंचवट्यांवरून जायला लावतात. खेळता खेळता पायांना समज येते.

मोठ्या माणसाची अडचण वेगळी. त्याला पडायची लाज वाटते आणि हाड मोडायची भीतीही वाटते. म्हणून त्याला आधी पडायला शिकवतात. तोल गेला तर हात मागे टेकू नयेत, गुडघे वाकवून एका अंगावर, बाजूला बसल्यासारखे पडावे. उठताना धडपडू नये. पाठीवर होऊन दोन्ही स्की हवेत उचलाव्यात, गुंता सोडवावा, त्या समांतर करून उताराला आडव्या ठेवाव्यात. मग गुडघ्यांवर यावे आणि एकेक पाय घेत उभे राहावे. हे दहा वेळा केले की निम्मी भीती जाते. ज्याला उठता येते, तो पडायला भीत नाही.

दुसरा धडा : एका पायावर उभे राहणे

क्लासिक पद्धतीचे सगळे सार यातच आहे. नवशिका दोन्ही पायांवर वजन वाटून, पाय फाकवून, पावले घासत चालतो. तो पुढे जातो, पण सरकत नाही. कारण कमान दाबली जात नाही, म्हणून पकडही मिळत नाही, आणि वजन पूर्ण सोडलेही जात नाही, म्हणून सरकही मिळत नाही.

यासाठी शिक्षक एक स्की काढून ठेवायला सांगतात. दुसऱ्या पायाने मुलांच्या स्कूटरसारखा रेटा द्यायचा आणि उरलेल्या एका स्कीवर जितके जाता येईल तितके सरकायचे. मग पाय बदलायचा. शरीर ठीक जागी आहे की नाही याची खूण अशी : सरकणाऱ्या पायाचे बोट, गुडघा आणि आपले नाक एका उभ्या रेषेत आले पाहिजे. नाक दोन फळ्यांच्या मध्ये राहिले तर वजन अजून पलीकडे गेलेले नाही.

हा सराव बर्फाशिवायही होतो. आपल्या चाळीतल्या खोलीतही होतो. दात घासताना एका पायावर उभे राहा, गुडघा किंचित वाकवा, टाचेवर रेलू नका. मग दोन्ही हात चालताना हलतात तसे हलवा. एक मिनिट न डगमगता जमले तर पाय बदला. घरातल्या आजी-आजोबांनीही, भिंत हाताशी ठेवून, हे करण्यास हरकत नाही. म्हातारपणी पडून होणारा त्रास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तोलाची किंमत सांगायला नको.

तिसरा धडा : रेटा खाली, मागे नव्हे

आता दोन्ही स्की चढवून चाकोरीत उभे राहायचे. उजवा पाय पुढे तर डावा हात पुढे, डावा पाय पुढे तर उजवा हात पुढे. हे शिकवावे लागत नाही, रस्त्याने चालताना आपण तेच करतो. मात्र अंग घोट्यांपासून थोडे पुढे झुकलेले हवे, कमरेत मोडलेले नको.

रेट्याच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येकाची चूक एकच होते. तो पाय मागे ढकलतो. मागे ढकलले की पकड सुटते आणि पाय सर्रकन मागे जातो, ओल्या शहाबादी फरशीवर जातो तसा. रेटा खाली द्यायचा असतो. आणि तो देण्याची वेळ नेमकी असते. दोन पावले एकमेकांजवळून जातात त्या क्षणी पायाखालची कमान झटकन दाबायची आणि लगेच सगळे वजन दुसऱ्या, सरकणाऱ्या फळीवर न्यायचे. पाय मागे उचलला जातो तो रेट्याचा परिणाम म्हणून. मुद्दाम उचलायचा नाही. वेळ चुकली, पाय मागे गेल्यावर दाब दिला, तर कितीही ताकद लावा, ती वाया जाते. बलदंड तरुण धापा टाकत मागे राहतो आणि साठीची बाई सहज पुढे निघून जाते, ते यामुळेच.

यानंतर काठ्या. पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. म्हणजे काठी घट्ट आवळावी लागत नाही, जोर पट्ट्यावर येतो. काठी पावलाजवळ, मागे कललेली टेकायची आणि हात मांडीच्या मागेपर्यंत न्यायचा. सपाटीवर किंवा हलक्या उतारावर पाय न हलवता दोन्ही काठ्या एकदम टेकून पुढे जातात. तेव्हा नुसत्या दंडांनी ओढू नये, पोटाचे स्नायू आवळून अंगाचे वजन काठ्यांवर सोडावे.

चढ आणि उतार

चढ आला की पावले आखूड आणि भराभर करायची. पकड तरीही सुटू लागली तर चाकोरीबाहेर यायचे आणि स्कींची पुढची टोके फाकवून, आतल्या कडांवर चढायचे. मागे बर्फावर जो ठसा उमटतो तो थेट माशाच्या काट्यासारखा दिसतो. नॉर्वेच्या लोकांनीही या चालीला तेच नाव दिले आहे. मासळी खाणाऱ्यांच्या दोन मुलखांना एकच उपमा सुचावी, यात नवल नाही.

उतारावर गुडघे सैल, हात पुढे, नजर दूर. वेग कमी करायचा तर उलटे करायचे. पुढची टोके जवळ, मागची टोके दूर, आणि आतल्या कडा बर्फात दाबायच्या. याला नांगर म्हणतात, कारण फळ्या खरोखरच बर्फ नांगरत जातात. नवशिक्याने चाकोरी सोडून नांगर धरायला आधी शिकावे आणि मगच मोठ्या उताराच्या वाटेला जावे. थांबायला येत नसताना पळायला शिकू नये.

अंगावर काय घालावे, याबद्दल घरातल्या बायकांना आम्ही मुद्दाम सांगतो. अंगालगत सुती कपडा नको. घामाने तो भिजतो, भिजलेला राहतो आणि थांबले की हुडहुडी भरते. आत लोकरीचा पातळ थर, वर वारा अडवणारा हलका थर. निघताना जरा थंडी वाटली पाहिजे, दहा मिनिटांत अंग तापते. सोबत एखादे संत्रे, थोडे चॉकलेट आणि गरम पेय, ही तिथल्या घराघराची शिदोरी.

शिकवणारे हात

सुरुवातीला आम्ही ‘कोणीतरी’ म्हटले होते. ते कोण हे आता पाहू. राजधानी ऑस्लोच्या भोवती मोठे जंगल आहे. तिथे १८८३ साली स्थापन झालेली स्की संघटना अडीच हजार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या वाटा यंत्राने तयार करते. त्यांवर फिरायला तिकीट नाही. काही वाटांवर विजेचे दिवे आहेत, म्हणून कामावरून सुटलेला माणूस संध्याकाळी तासभर जाऊन येतो. लोक खांद्यावर स्की टाकून शहराच्या मेट्रोत बसतात आणि जंगलाच्या तोंडाशी उतरतात. गावोगावच्या क्लबांतून आई-वडील आळीपाळीने, विनामोबदला मुलांना शिकवतात. याला ते श्रमदानच समजतात.

साधने महाग असतात हे खरे. त्यावर तिथे ‘बुआ’ नावाची केंद्रे आहेत. नाव ऐकून आपल्याला कीर्तनकार आठवतील, पण हे बुआ स्की, बूट आणि काठ्या काही दिवस फुकट वापरायला देतात. पैसा नाही म्हणून मूल घरी बसू नये, हा हेतू. मुलांची पावले तर दर वर्षी वाढतात, तेव्हा एकाचे बूट दुसऱ्याला, हा व्यवहारही सर्रास चालतो.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाचे मुलांच्या खेळासंबंधी नियम आहेत. १९८७ साली ते पहिल्यांदा झाले आणि २००७ साली मुलांचे हक्क म्हणून नव्याने मांडले गेले. त्यानुसार वयाची ११ वर्षे होईपर्यंत मुलांच्या शर्यतींत पहिला-दुसरा अशी यादी लावत नाहीत. बक्षीस द्यायचे तर सर्वांना. म्हणजे जो देश या खेळात सगळ्या जगाला मागे टाकतो, तोच देश आपल्या लहान मुलांचे नंबर काढायचे नाकारतो. आपल्याकडे बालवाडीतल्या मुलालाही ‘कितवा आलास?’ म्हणून विचारणाऱ्या पालकांनी यावर जरूर विचार करावा.

या देशाचा योहानेस हॉसफ्लोट क्लेबो याने २०२५ साली ट्रॉनहाइमच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या सहाच्या सहा शर्यती जिंकल्या. क्लासिकच्या चढावर आखूड पावलांनी तो अक्षरशः धावतो. याला जन्मजात देणगी म्हणायचा मोह होतो. पण त्याचे प्रशिक्षक होते त्याचे आजोबा. लहानपणापासून त्यांनी त्याला घडवले.

बायकांची वाट

स्वीडनमध्ये सेलेन ते मोरा अशी ९० किलोमीटरांची वासालोपेत नावाची शर्यत १९२२ पासून होते. ती क्लासिक पद्धतीचीच असते आणि वाटेत खेळाडूंना ब्लूबेरीचे गरम सूप देतात. १९२३ साली मार्गित नूर्दिन या बाईंनी ती पूर्ण केली. पुढच्याच वर्षी स्त्रियांना या शर्यतीत बंदी घालण्यात आली. एका बाईने करून दाखवले, त्यावर मिळालेले हे उत्तर! ही बंदी १९८१ साली उठली. ऑलिम्पिकमध्येही पुरुषांची क्रॉस-कंट्री १९२४ पासून होती, स्त्रियांची पहिली शर्यत १९५२ साली ऑस्लोत झाली, तीही १० किलोमीटरांची. फिनलंडच्या लिडिया विदेमान यांनी ती जिंकली. जागतिक स्पर्धेत स्त्रियांना ५० किलोमीटरची शर्यत मिळायला २०२५ साल उजाडावे लागले.

आणि बाळंतपणानंतर बाईचा खेळ संपतो असे म्हणणाऱ्यांसाठी नॉर्वेच्या मारित ब्योर्गेन यांचे उदाहरण. २०१५ च्या डिसेंबरात त्या आई झाल्या आणि २०१७ च्या लाहती येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी चार सुवर्णपदके मिळवली. ऑलिम्पिकमधली त्यांची एकूण पदके १५.

चाल टिकवण्यासाठी नियम

अलीकडे क्लासिकपुढे नवे संकट उभे राहिले. खेळाडूंचे दंड इतके बळकट झाले की, पकडीचे मेण न लावता, पाय न वापरता, नुसत्या दोन काठ्यांच्या जोरावर ते लांबच्या शर्यती जिंकू लागले. हे असेच चालले तर पायांचा रेटा, म्हणजे या विद्येचा गाभाच, पुढची पिढी विसरेल. म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने दोन उपाय केले. काठीची लांबी उंचीच्या ८३ टक्क्यांवर नेऊ नये असे ठरवले, आणि काही चढांवर नुसत्या काठ्यांनी जाण्यास मनाई केली. जिंकणाऱ्यांच्या सोयीपेक्षा विद्या जपणे मोठे मानले, हे आम्हांला योग्य वाटते.

आपल्या देशात

भारतात बर्फ आहे आणि स्कीही आहेत. १९४८ साली गुलमर्गला लष्कराची स्की शाळा सुरू झाली, तीच पुढे उंच पर्वतावरील युद्धाचे शिक्षण देणारी संस्था झाली. आपले बरेच क्रॉस-कंट्री खेळाडू फौजेतून आले. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये नदीम इक्बाल १५ किलोमीटरच्या क्लासिक शर्यतीत उतरले, तर २०१८ साली प्योंगचांगला जगदीश सिंग मुक्त पद्धतीच्या शर्यतीत. त्यांचे नंबर खूप मागे होते. पण ज्यांनी वर्षातले मोजके महिने बर्फ पाहिला, त्यांनी बारा महिने तयारी करणाऱ्यांबरोबर शर्यत पुरी केली. २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही होत आहेत. कर्नाटकातल्या कोडगूची, म्हणजे कॉफीच्या मळ्यांच्या मुलखातली, भवानी थेक्कडा नंजुंडा या प्रकारात भारतातर्फे खेळते. तिच्या गावात बर्फ पडत नाही. जन्माने स्की मिळत नाही तशी जन्माने ती नाकारलीही जात नाही, याला आणखी पुरावा कशाला हवा?

बर्फ नसेल तिथे लहान चाके लावलेल्या स्की असतात. नॉर्वेचे खेळाडू सगळा उन्हाळा डांबरी रस्त्यांवर, डोक्यावर हेल्मेट घालून, त्यांवरच सराव करतात. हवामान बदलून तिथलेही हिवाळे आखूड होत चालले आहेत, म्हणून या चाकांचे महत्त्व वाढते आहे.

आमचे सांगणे एवढेच. आपल्या घरातला कोणी कधी बर्फाच्या मुलखात गेला, तर त्याने खिडकीतून नुसते पाहत बसू नये. कुठे फुकट किंवा भाड्याने साधने मिळतात याची चौकशी करावी, शिकवणारा गाठावा, पहिल्या दिवशी काठ्या बाजूला ठेवाव्यात आणि खुशाल पडावे. जे इथेच आहेत त्यांनी मुलांना पोहणे, सायकल, गणित किंवा इंग्रजी, जे काही शिकवत असाल ते याच रीतीने शिकवावे : आधी तोल, मग जोर, आणि अकरा वर्षांचे होईपर्यंत नंबर विचारू नये. तोपर्यंत उद्या सकाळी दात घासताना एका पायावर उभे राहून पाहावे. मुलांनाही शेजारी उभे करावे. कोण जास्त वेळ टिकतो, हे मात्र मोजू नये.